आग्रा-फतेहपूर सिक्रीला स्थानिक गाइड घ्यावा का?

ताजसाठी नाही घेतला तरी चालेल, सिक्रीला मात्र जरूर घ्या. ताज नुसता बघितला तरी पुरतो. सिक्रीत काय बघायचं तेच कळत नाही. दिवान-ए-खासमध्ये (बादशहाच्या खास भेटींचं दालन) मधोमध एकच खांब आहे, त्याच्या माथ्यावर पसरलेले नक्षीदार दगडी कंस आणि तिथून चारही कोपऱ्यांकडे गेलेले अरुंद पूल. दाखवणारा नसेल तर माणूस फोटो काढून दोन मिनिटांत बाहेर पडतो.

गाइडच्या गळ्यातलं सरकारी ओळखपत्र नीट बघा. पार्किंगलाच गाडीमागे धावत येणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. पैसे किती, वेळ किती, हे आधीच बोलून घ्या, आणि दुकानात न्यायचं नाही हेही. (संगमरवराच्या दुकानातलं कमिशन शेवटी आपल्याच बिलात येतं!) सूफी संत सलीम चिश्तींच्या दर्ग्यात चादर चढवा म्हणून फार मागे लागतात, तिथे ठाम राहा. दर्ग्याला आणि बुलंद दरवाजाला (मशिदीचं भव्य प्रवेशद्वार) तिकीट नाही, महालांना आहे.

शुक्रवारी ताज बंद असतो, तो दिवस सिक्रीला द्या. मशिदीत दुपारी नमाजाची वेळ असते, म्हणून सकाळीच पोचा.