पेशी की स्नायू?

प्रश्न असा आला आहे: एका संशोधनाच्या मराठी गोषवाऱ्यात 'चालताना मांडीतील पेशींवर येणाऱ्या भाराचे इष्टतमीकरण' (ऑप्टिमायझेशन) असे लिहिले आहे आणि पुढच्याच ओळीत 'पेशींमधील तंतुकणिका' (मायटोकाँड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म भाग) असा उल्लेख आहे. दोन्ही ठिकाणी पेशी एकच का?

नाही. पहिल्या ठिकाणी मराठीत 'स्नायू' हवा होता. मजकूर बहुधा हिंदीवरून आला असावा. हिंदीत पेशी किंवा मांसपेशी म्हणजे मसल, आणि सेलला कोशिका. बंगालीतही पेशी म्हणजे मसलच. मराठीत मात्र शाळेच्या पुस्तकापासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंत पेशी म्हणजे सेल. 'पांढऱ्या पेशी कमी झाल्यात' हे घरोघरी कळते. (विदर्भात कोर्टातल्या सुनावणीला पेशी म्हणतात, ती फारसीतून आलेली, तिचा इथे संबंध नाही.)

गंमत अशी, की जुन्या अर्थाशी इमान हिंदी-बंगालीने राखले आहे. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातल्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, शरीरात 500 पेशी सांगितल्या आहेत: हातापायांत 400, धडात 66, मानेपासून वर 34. हे मांसाचे वेगवेगळे भाग आहेत, म्हणजे आपले आजचे स्नायू. महाभारतात गांधारीला होते तीही 'मांसपेशी', लोखंडाच्या गोळ्यासारखी घट्ट. नुसता मांसाचा गोळा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे काही या शब्दात असणे शक्यच नव्हते. रॉबर्ट हुकने बुचाच्या कापात कप्पे पाहिले आणि त्यांना सेल म्हटले ते 1665 साली.

मग सुश्रुताचे 'स्नायू' कोणते? तेही त्याच अध्यायात आहेत, 900. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या म्हणजे नाव माणसांचा भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असतात म्हणून शरीर भार पेलते, असे तिथे म्हटले आहे. हे बांधणारे स्नायू म्हणजे आज आपण ज्यांना अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे) आणि स्नायुरज्जू (स्नायू हाडाला जोडणारे) म्हणतो ते. पुढे या एका शब्दाने प्रांतोप्रांती वेगळी वाट धरली. बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह (चेता), हिंदी वैद्यक परिभाषेत लिगामेंट (अस्थिबंध), मराठी आणि गुजरातीत मसल. त्यामुळे आयुर्वेदाचा ग्रंथ मराठीत वाचताना 'पेशी' आणि 'स्नायू' दोन्ही शब्द आजच्या अर्थाने घेतले तर सगळेच चुकते.

कोणता अर्थ मूळचा यावर वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. मराठीची जोडी आता पक्की आहे आणि तिच्यावर चेतापेशी, पेशीद्रव्य, पेशीविभाजन असे सगळे घराणे उभे आहे. पण गोषवाऱ्यातल्यासारख्या, स्नायूंवरचा भार गणिताने काढणाऱ्या संशोधनात ती कसोशीने पाळायलाच हवी, कारण इथे दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात.

गुडघ्याभोवती स्नायू पुष्कळ आणि गणिताला मिळणारी समीकरणे थोडी. त्यामुळे कोणत्या स्नायूने किती जोर लावला याची उत्तरे असंख्य निघतात. त्यांतले एक निवडायला संगणकाला निकष द्यावा लागतो. क्राउनिनशील्ड आणि ब्रँड या संशोधकांनी 1981 साली मांडलेला निकष प्रसिद्ध आहे: प्रत्येक स्नायूवरच्या ताणाचा (स्नायूच्या जाडीच्या मानाने पडणाऱ्या जोराचा) घन करून बेरीज घ्या आणि ती कमीत कमी ठेवा. ताण जितका जास्त तितका स्नायू लवकर थकतो, हे शरीरक्रियाशास्त्र त्यामागे आहे. आणि थकण्याचे कारण शोधायचे तर शेवटी स्नायूच्या पेशीतच उतरावे लागते. 'पेशींवरील ताण' लिहिले तर वाचक नेमक्या चुकीच्या मजल्यावर जाऊन पोहोचतो.

'स्नायुपेशी' ही द्विरुक्ती आहे का, असेही विचारले आहे. मराठीत नाही, स्नायूची पेशी, इतका सरळ अर्थ. हाडांना जोडलेल्या स्नायूंत ही पेशी लांब धाग्यासारखी असते, एकीत अनेक केंद्रके असतात, म्हणून तिलाच 'स्नायुतंतू' म्हणतात. हृदयाच्या स्नायूतल्या पेशी आखूड आणि फाटे फुटलेल्या, तिथे 'हृदयस्नायूच्या पेशी' म्हणणे बरे. 'मांसपेशी' मराठी मजकुरात टाळावा. हिंदी वाचणाऱ्याला तो स्नायू वाटतो आणि मराठी शाळेत शिकलेल्याला मांसाची पेशी.

राहिले 'इष्टतमीकरण'. शब्द बरोबर आहे, इष्ट अधिक तम, सर्वांत हवेसे. पण गोषवाऱ्यातले वाक्य मी असे लिहीन: 'चालताना मांडीच्या स्नायूंमध्ये भाराची इष्टतम वाटणी कशी होते, हे संगणकाने काढले.' पुढच्या ओळीत 'स्नायुपेशींमधील तंतुकणिका' असे केले की दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.