‘अनुत्पादक जिंदगी’ : कुणाची आणि अनुत्पादक कशी?

घाटंजी तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलं आहे : बँकेच्या नोटिशीत त्यांच्या पीककर्जाला ‘अनुत्पादक जिंदगी (एनपीए)’ म्हटलं आहे. वावरात पऱ्हाटी झाली, कापूसही विकला गेला, मग अनुत्पादक काय? आणि देणं शेतकऱ्याच्या डोक्यावर असताना ‘जिंदगी’ कुणाची?

आधी जिंदगी. इथे तिचा आयुष्याशी संबंध नाही. मालमत्ता, चीजवस्तू या अर्थाने ‘जिनगी’ गावात अजून बोलतात, आणि सोसायटीच्या ताळेबंदात एका बाजूला ‘भांडवल व देणी’, दुसऱ्या बाजूला ‘जिंदगी व येणी’ असतं. तुमचं देणं ते बँकेचं येणं, म्हणून ती बँकेची जिंदगी. ‘अनुत्पादक’ हेही बँकेच्याच बाजूने वाचायचं : या येण्यातून तिच्या हाती व्याज पडायचं थांबलं. पिकाबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

तरीही शब्द चुकलेलाच आहे. मराठी अर्थशास्त्रात ‘उत्पादक’ आणि ‘अनुत्पादक’ कर्ज ही जोडी आधीपासून आहे. बियाणं, बैलजोडी, विहीर यांसाठी घेतलेलं कर्ज उत्पादक. लग्न, तेरवी यांसाठी घेतलेलं अनुत्पादक. त्यामुळे सरकीच्या बियाण्यासाठी कर्ज काढलेल्या माणसाला ही नोटीस म्हणजे उधळपट्टीचा ठपका वाटतो, आणि तसं वाटण्यात त्याची काही चूक नाही. ‘व्याज थांबलेलं कर्ज’ असं सरळ लिहिलं तर कुणीही समजेल.

वर्तमानपत्रांतला ‘बुडीत कर्ज’ हा शब्द मात्र त्याहून वाईट. ‘थकीत’ म्हणजे मुदत टळलेलं, आणि थकलेलं प्रत्येक खातं लगेच एनपीए होत नाही. सर्वसाधारण कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खातं एनपीए होतं. कापूस, सोयाबीन यांसारख्या कमी मुदतीच्या पिकांच्या कर्जाला फेडीच्या मुदतीनंतर दोन हंगाम मिळतात. वर्षाहून लांब हंगामाच्या पिकाला एकच. हंगाम किती महिन्यांचा, ते राज्यस्तरीय बँकर्स समिती ठरवते. एनपीए झाल्यावरही तीन पायऱ्या आहेत : पहिले १२ महिने दुय्यम, मग संशयित, आणि वसुलीची आशाच उरली नाही तर बुडीत. बुडीत ही शेवटची पायरी. सगळ्यांवर तोच शिक्का मारू नये.

बँक वसुलीची एवढी घाई का करते, याचं उत्तर हिशेबात आहे. शेतीचं १ लाखाचं कर्ज नियमित असेपर्यंत वाणिज्य बँकेला त्यापोटी २५० रुपयांची तरतूद पुरते. तारण असलेलं तेच कर्ज ‘दुय्यम’ झालं की १५,००० बाजूला काढावे लागतात. शिवाय न मिळालेलं व्याज उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. नफा घटतो, भांडवल आटतं. आणि बँकेचं भांडवल मोजायची पट्टी जगभर एक आहे. १९८० च्या दशकात थोड्या भांडवलावर मोठी कर्जं वाटणाऱ्या बँका, विशेषतः जपानी, स्वस्त व्याजाने इतर देशांच्या बँकांचे ग्राहक ओढत होत्या. म्हणून १९८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या समितीने (अनेक देशांच्या बँक-नियामकांची समिती) जोखमीनुसार तोललेल्या कर्जांच्या किमान ८ टक्के भांडवल ठरवलं. बँकसुधारणांसाठी सरकारने नेमलेल्या नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर आपल्याकडेही उत्पन्न-ओळख आणि कर्ज-वर्गवारीचे नियम आले. रिझर्व्ह बँकेने किमान भांडवल ९ टक्के ठेवलं, वरचा २.५ टक्क्यांचा राखीव थर धरून ते ११.५ होतं. भारतीय बँक परदेशातून पैसा उभारते तेव्हा तिचं एनपीएचं प्रमाण बघितलं जातं. शाखेतल्या साहेबांनी तारीख पुढे ढकलली, असं होऊ शकत नाही, ते यामुळेच.

नोटीस आलेल्यांनी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. एनपीए खात्यानुसार नसतं, कर्जदारानुसार असतं : पीककर्ज त्यात गेलं तर त्याच बँकेतलं ट्रॅक्टरचं कर्जही जातं. आणि थोडे पैसे भरून बाहेर येता येत नाही. मुद्दल आणि व्याज मिळून सगळी थकबाकी भरली तरच खातं पुन्हा नियमित होतं.

याच ओघात ‘नवं-जुनं’. जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलणं, एवढाच त्याचा अर्थ. पण भरणा खरा हवा. नव्या कर्जातूनच जुनं फेडल्याची नुसती नोंद फिरवली, तर तपासणीत खातं एनपीए ठरवलं जाऊ शकतं. दोन दिवसांसाठी सावकाराकडून रक्कम उचलून केलेलं नवं-जुनं कागदावर चालतं, पण त्याचं व्याज वेगळंच बसतं. ‘पुनर्गठन’ म्हणजे नवं-जुनं नव्हे आणि माफीही नव्हे : नैसर्गिक आपत्ती जाहीर झाल्यावर शिल्लक कर्जाला बँक नवे हप्ते बांधून देते. ते नियमांप्रमाणे मुदतीत झालं तर खातं नियमितच राहतं, म्हणून अर्ज आणि पीकनुकसानीचा कागद खातं एनपीए होण्याआधी शाखेत पोचायला हवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला हवी.