इंग्लंडमध्ये खेड्यातल्या जुन्या चर्चचं हॉलिडे होम केलंय, अ‍ॅनिव्हर्सरीला तिथे राहणं योग्य वाटतं का? भीती, थंडी वगैरे?

योग्य-अयोग्यचं आधी सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात एक अख्खा नाताळ नासलाय. आम्ही नाशिकचे, शरणपूरचे ख्रिस्ती. लग्नाच्या वाढदिवसाला मे महिन्यात हेरेफर्डशरमधल्या एका खेड्यात अशाच चर्चमध्ये राहिलो, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले आणि लगेच धाकट्या दिरांचा फोन, "वहिनी, वेदीसमोर डबल बेड टाकून झोपलात?" अहो बेड वर माळ्यावर होता, छताच्या लाकडी कमानींखाली. वेदीच्या जागी सोफा होता, ते मी सांगितलं नाही.

नाताळला ताटात मटण वाढलेलं आणि भाऊजी पुन्हा सुरू, की ज्या चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं त्यांच्याच देशात आता चर्च रात्रीच्या भाड्याने देतात आणि आपलेच लोक पैसे मोजून जातात. सासूबाई गप्प, नवरा करंज्यांच्या डब्यात डोकं घालून बसलेला. मी म्हटलं, भाऊजी, तिथे चर्च असंच विकत नाहीत. चर्च ऑफ इंग्लंड आधी ते उपासनेसाठी रीतसर बंद करतं, मग त्याचं घर करायचं की आणखी काय ते ठरतं. आणि १९६९ पासून तिथे एक ट्रस्ट आहे, बंद पडलेली ३५० च्या वर चर्चेस सांभाळतो, त्यातल्या काहींमध्ये तो स्वतःच लोकांना कॅम्पिंगच्या खाटांवर रात्री झोपू देतो, आणि ती तर अजूनही पवित्र मानलेली आहेत! तिथल्या बिशपांना चालतं, आमच्या भाऊजींना चालत नाही.

माझं मत विचाराल तर छप्पर गळून भिंतीत झाडं उगवण्यापेक्षा आत कोणीतरी चहा केलेला बरा.

बाकी भीतीचं म्हणाल तर कबरी दारातच असतात, नातेवाईक फुलं ठेवायला येतात, तुम्ही नाइटीवर कॉफी पीत असाल तर तेच दचकतील. वटवाघळं असू शकतात, तिकडे कायद्याने संरक्षण आहे त्यामुळे मालकाला परवान्याशिवाय हाकलता येत नाहीत. थंडी मात्र खरी. एवढ्या उंच छतात सगळी ऊब वर जाते, आम्हाला माळ्यावर घाम आणि खाली सोफ्यावर मोजे घालून बसायचं. पूर्वेच्या मोठ्या रंगीत काचेच्या खिडकीला पडदा नव्हता आणि उन्हाळ्यात तिकडे पाचच्या आसपासच उजाडतं, पण तो लाल-निळा उजेड अंगावर पडला ना, तेवढ्यासाठी तरी जाच. गंगापूर डॅमवरच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये हे मिळणार नाही. फोडणी जपून घाला, स्मोक अलार्म वाजला की उंच छतामुळे आवाज दुप्पट घुमतो.

आणि ती चर्चेस बंद का पडली? माणसं येईनात म्हणून. आमचे भाऊजी नाताळ आणि ईस्टर सोडून उपासनेला दिसत नाहीत, पाळकसाहेबांना विचारा. हे मी त्या दिवशी ताटावर बोलले नाही, सासूबाईंसाठी.

हां, एक राहिलं, माळ्याचा जिना फार उभा असतो, गुडघे दुखत असतील तर खाली बेडरूम आहे का ते बुकिंगआधी विचारून घ्या.