वाचकांचे प्रश्न: आर.व्ही. घेऊन वॉशिंग्टनला

चेरीच्या फुलांच्या मोसमात आर.व्ही. (आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन वॉशिंग्टनला जाण्याबद्दल न्यू जर्सीच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. भाड्याने बहुतेक मिळते ती २५ फुटांच्या आसपासची क्लास सी (व्हॅन किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली) गाडी धरून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : एडिसनहून निघणार आहोत. फोनवरचा नकाशा बाल्टिमोरच्या बोगद्यातून नेतो. गॅसच्या, म्हणजे प्रोपेनच्या, टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला तर चालेल ना?

नाही चालणार. फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर, या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी नेता येत नाही. व्हॉल्व्ह बंद आहे की उघडा, याला तिथे महत्त्व नाही. तुमच्या गाडीखालची टाकी याच्या कितीतरी पट मोठी असते. पूर्वी अशा गाड्या पूर्वेकडच्या ‘की ब्रिज’ या पुलावरून जात. तो पूल २६ मार्च २०२४ रोजी जहाजाच्या धडकेने कोसळला, त्यामुळे जुने सल्ले आता वाचू नका. आय-९५ वर एक्झिट ६४ ला आय-६९५ धरा, शहराला पश्चिमेकडून वळसा घाला आणि एक्झिट ४९ ला परत आय-९५ वर या. फोनच्या साध्या नकाशाला तुमची टाकीही कळत नाही आणि ११ फूट उंचीही, त्यामुळे तो प्रत्येक वळणावर मागे फिरायला सांगेल. त्याचे ऐकू नका. परतताना न्यूयॉर्कला डोकावण्याचा विचार असेल, तर हॉलंड आणि लिंकन बोगद्यांतही प्रोपेनला बंदी आहे.

प्रश्न : मुक्काम कुठे करावा? गाडी टायडल बेसिनजवळ, म्हणजे चेरीची झाडे असलेल्या तळ्याजवळ, लावता येईल का?

गाडी शहरात न्यायचीच नाही. पार्किंगच्या इमारतींत सहा-सात फुटांवर आडवा दांडा असतो, आणि फुलांच्या दिवसांत रस्त्याकडेला छोट्या कारलाही जागा मिळत नाही. गाडी मेरिलँडमध्ये ठेवा आणि मेट्रोची ग्रीन लाइन धरा. लाँफाँ प्लाझाला उतरून टायडल बेसिनपर्यंत चालत जाता येते.

मुक्कामाला दोन चांगले पर्याय आहेत. कॉलेज पार्क गावातल्या चेरी हिल पार्क या कॅम्पग्राउंडमध्ये वीज, पाणी, सांडपाणी असे फुल हुकअप मिळते. ग्रीनबेल्ट पार्क हे नॅशनल पार्क सर्व्हिसचे आहे. ते शहरापासून सुमारे १२ मैलांवर, झाडीत आणि स्वस्त आहे, पण जागेवर हुकअप नाही. डंप स्टेशन, म्हणजे सांडपाणी टाकायची जागा, मात्र आहे.

पहिल्यांदाच आर.व्ही. घेत असाल तर ग्रीनबेल्ट नको. कारण बॅटरीचे गणित. गाडी गरम ठेवणारा फर्नेस गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, साधारण ८ अँपिअर. थंडीच्या रात्री दहा तासांतले पाच तास तो फिरला तर ४० अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून ५० च काढावेत. त्यात दिवे आणि पाण्याचा पंप धरले की ही मर्यादा संपते, म्हणजे पहाटे दिवे मंद आणि फर्नेस बंद. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असल्याने तेव्हा जनरेटरही लावता येत नाही. तो दिवसाच चालवून बॅटरी भरावी लागते, आणि दिवसा तर तुम्ही फुले बघायला गेलेले असता!

प्रश्न : कॅम्पग्राउंडवर ३० अँपिअर विजेची जागा मिळाली आहे. इंडक्शन आणि इलेक्ट्रिक केटल लावली की वीज जाते. बिघाड कुठे आहे?

बिघाड कुठेच नाही, बेरीज चुकते आहे. ३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे एकूण ३६०० वॅट. १८०० वॅटचे इंडक्शन १५ अँपिअर घेते, १५०० वॅटची केटल किंवा हीटर साडेबारा. विजेवर टाकलेला फ्रिज तीनेक आणि बॅटरी भरणारा कन्व्हर्टर चारेक. झाले सुमारे साडेचौतीस.

शिवाय मुख्य ब्रेकर टिकला तरी आत दुसरी अडचण असते. ओट्याजवळची सॉकेट बहुधा १५ किंवा २० अँपिअरच्या एकाच सर्किटवर असतात, पुष्कळदा मायक्रोवेव्हसकट. म्हणून हीटर बंद करूनही इंडक्शन आणि केटल एकत्र चालत नाहीत. चहा गॅसवर करा. फ्रिज आणि गरम पाण्याची टाकी गॅसवर टाका, की बराच भार उतरतो. ब्रेकर पडलेला नसताना सॉकेट मेलेले असेल, तर बाथरूममधल्या जी.एफ.सी.आय. (वीज गळली की आपोआप बंद होणाऱ्या) सॉकेटचे रीसेट बटण दाबून बघा.

जोडणी करताना आधी जागेवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू. तासाभराने प्लगला हात लावा. चटका बसला तर संपर्क सैल आहे. तसाच ठेवला तर तो वितळतो, तेव्हा दुसरी जागा मागून घ्या.

फोडणीबद्दल वेगळे कोणी विचारले नाही, पण विचारायला हवे होते. छताचा व्हेंट उघडून पंखा लावल्याशिवाय मोहरी टाकलीत की धुराचा अलार्म कोकलणारच. त्याची बॅटरी काढून ठेवू नका. बाहेरच्या टेबलावर छोटी शेगडी ठेवून फोडणी द्या.

प्रश्न : मागच्या सहलीत दुसऱ्या दिवसापासून टॉयलेटला वास येत होता. सांडपाण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह तर उघडेच ठेवले होते.

उघडे ठेवले म्हणूनच वास आला. ब्लॅक टँकचा, म्हणजे टॉयलेटच्या टाकीचा, व्हॉल्व्ह उघडा असला की पाणी लगेच वाहून जाते आणि घट्ट मळ व कागद तळाशी साचून राहतो. त्याचा ढीग वाळला की पाइप तुंबतो, आणि टाकी रिकामी असतानाही सेन्सर ‘भरली’ दाखवतो.

सुरुवातीलाच टाकीत चार-पाच गॅलन पाणी आणि टॉयलेटचे रसायन घाला. दर वेळी भरपूर पाणी सोडा, कागद आर.व्ही.चाच वापरा. टाकी दोनतृतीयांश भरेपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवा. मग हातमोजे घालून आधी ब्लॅक उघडा, तो पूर्ण वाहू द्या आणि बंद करा. त्यानंतर ग्रे, म्हणजे सिंक आणि शॉवरच्या पाण्याची टाकी. त्यामुळे नळी साबणाच्या पाण्याने धुतली जाते. हा क्रम उलटा करायचा नाही. नळीला गाडीपासून गटारापर्यंत सलग उतार हवा. मध्ये झोळ पडला तर घाण तिथेच बसते.

वास स्वयंपाकघरातूनही येतो. भाताची शिते, डाळ आणि तेल ग्रे टँकमध्ये कुजतात. सिंकला बारीक जाळी लावा आणि कढई धुण्याआधी कागदाने पुसून घ्या.

प्रश्न : एप्रिलमध्ये पाणी गोठेल का?

रात्री पारा ३२ फॅरेनहाइटखाली जाणार असेल तर आधी बाहेरचा पाइप गोठतो. संध्याकाळी फ्रेश टँक, म्हणजे गाडीतली स्वच्छ पाण्याची टाकी, भरा, पाइप सोडवून रिकामा करा आणि रात्री गाडीतल्या पंपाने टाकीतले पाणी घ्या. एरवीही नळाला ४० ते ५० पी.एस.आय.चा (पाण्याच्या दाबाचे एकक) प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय पाइप जोडू नका. नळाचा दाब जास्त असेल तर गाडीतले जोड गळू लागतात.

प्रश्न : एवढी गाडी वळवताना सर्वांत जास्त चूक कुठे होते?

पेट्रोल पंपावर. मागच्या चाकांच्या मागे सात-आठ फूट गाडी लोंबत असते. पंपाला खेटून उभे राहिलात आणि निघताना लगेच डावीकडे वळलात, तर मागचा उजवा कोपरा पंपाच्या खांबावर जातो. गाडीचे मागचे टोक पंपाच्या पुढे जाईपर्यंत सरळ चला आणि उजव्या आरशात बघत मगच वळा.