अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी देखभाल केंद्र निवडताना तिथली काळजी खरंच चांगली आहे हे कसं ओळखायचं?

रिसेप्शनवरचे सोफे आणि माहितीपत्रक बाजूला ठेवा. वडील स्वतः कूस बदलू शकत नसतील, तर पहिला प्रश्न दाबव्रणांचा, म्हणजे बेडसोअरचा. माकडहाड, टाचा आणि नितंबाच्या बाजू या नेहमीच्या जागा. साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलण्याचा प्रघात आहे. त्याची नोंद दाखवा म्हणावं. महिनाभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात दिसल्या तर समजून जा. सध्या किती जणांना जखमा आहेत आणि त्यातल्या किती इथे आल्यावर झाल्या, हेही विचारा. उत्तर देताना चाचरतात का ते बघा.

दुसरं म्हणजे वजन. दर महिन्याला करतात का? महिन्यात पाच टक्के वजन घटणं ही धोक्याची खूण आहे, आणि कारण पुष्कळदा साधं असतं: भरवायला माणूसच नसतो. म्हणून जेवणाच्या वेळी, न कळवता जा. पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवलाय का? बेल वाजल्यावर कोणी किती वेळात येतं?

रात्री किती रुग्णांमागे किती माणसं असतात हे नक्की विचारा. दिवसाचा आकडा सगळेच ऐटीत सांगतात. भर दुपारी सगळेच गुंगीत दिसले, तर झोपेची किंवा शांत ठेवणारी औषधं कोण लिहून देतं याची चौकशी करा.

भेटीच्या वेळांवर फार कडक बंधनं असतील तर मी तरी ते केंद्र घेणार नाही.