घरातल्या रोजच्या बारीकसारीक सवयींचा आपल्या आनंदावर खरंच परिणाम होतो का?

होतो, पण रील्समध्ये दाखवतात तसा नाही. तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरीला जाता, कोथरूडात दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, आणि 'उठल्याबरोबर अंथरूण आवरा, आयुष्य बदलेल' यात तथ्य किती ते हवंय. माझ्या मते जवळजवळ शून्य. अंथरूण विस्कटलेलं राहिलं म्हणून कुणाचं काही अडत नाही. ज्या सवयीमुळे रोजची एखादी ठरलेली चिडचिड टळते तिचाच फरक पडतो. बाकीच्या हौसेच्या, जमल्या तर करा.

अभ्यासाचं म्हणाल, तर 2010 मध्ये डार्बी सॅक्स्बी आणि रेना रेपेटी यांनी लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांवर केलेलं काम यात नेहमी सांगितलं जातं. घराबद्दल बोलताना ज्या बायकांच्या तोंडी पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, सकाळपासून रात्रीपर्यंत जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पण यावरून पसाऱ्यामुळेच ताण येतो असं सिद्ध होत नाही. दमलेल्या माणसाचं घर पसरतंच!

म्हणून आधी आठवडाभर फक्त लक्ष ठेवा, घरात रोज नेमकं कुठे डोकं फिरतं. किल्ली सापडत नाही, डब्याला काय करायचं ते सुचत नाही, बाथरूममधला ओला टॉवेल, काहीही असेल. पुण्यातल्या नोकरदार घरांत बहुतेकदा उत्तर निघतं ते सकाळी सातचा ओटा. रात्रीची भांडी मावशी सकाळी येऊन घासणार म्हणून सिंक भरलेलं, त्यातच चहाचं पातेलं हवं असतं, आणि नेमका तेव्हाच मावशींचा फोन येतो की आज येत नाही.

यावर रात्री सगळी भांडी घासून टाकायची गरज नाही. दहा-बारा मिनिटांचं काम आहे, पण क्रम महत्त्वाचा. आधी खरकटं ओल्या कचऱ्यात झटकायचं. मग प्रत्येक भांडं नुसत्या पाण्याने विसळून, पाणी काढून टाकून एकात एक रचायचं. सगळ्यांत पाणी भरून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, तीच नडते. खरकटं पाणी रात्रभर आंबतं, वास मारतं, आणि झुरळांना खाणं-पाणी एकाच जागी मिळतं. पाणी घालून ठेवायचं ते फक्त भात लागलेल्या आणि दूध करपलेल्या पातेल्यात, कारण तिथे वाळलेला थर मऊ व्हावाच लागतो. कुकरची रबरी रिंग काढून धुवायची आणि शिटीखालच्या नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. वरणाचा फेस तिथे बसून वाळला की सकाळी शिटी नीट होत नाही, नळी पूर्ण बंद झाली तर धोकाही असतो. चहाचं पातेलं, गाळणं आणि दोन कप मात्र रात्रीच घासून ठेवा. मावशी आल्या काय नि न आल्या काय, तुमचा चहा अडणार नाही.

शेवटी ओटा पुसून फडकं पिळून पसरून वाळत घाला. गोळा करून सिंकच्या कडेला ठेवलं तर सकाळी त्याचाच वास हाताला येतो. घासणीचंही तेच, साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका.

कचऱ्याच्या वासाचं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. चहाचा चोथा गाळण्यातच निथळू द्या, कलिंगडाच्या सालीतलं पाणी सिंकमध्ये काढा, आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राचं एक पान चौघडी करून घाला. सॅनिटरी पॅड, डायपर वेगळे, कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करून द्या. कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या ताईंचा विचार करा. पुण्यात पाणीपुरवठा देखभालीसाठी बंद असतो तो बऱ्याचदा गुरुवारी, त्यामुळे बुधवारी रात्री एक पिंप आणि दोन बादल्या भरून ठेवणं हीसुद्धा सवयच.

आता सवय लागायची कशी. 'रोज रात्री ओटा आवरेन' हा नुसता संकल्प टिकत नाही. आधीच न चुकता होणाऱ्या कामाला ती बांधा: दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये गेलं की लगेच सिंक. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये केलेल्या अभ्यासात नवी गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी 66 दिवस लागले, पण माणसागणिक हा आकडा 18 पासून 254 पर्यंत होता. त्यामुळे '21 दिवसांत सवय' या जाहिरातीवर जाऊ नका. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. गणपतीत पाहुणे आले, चार दिवस सगळं कोलमडलं, तर पाचव्या रात्री पुन्हा सुरू करायचं. एका वेळी एकच सवय घ्या. पाच एकदम घेतल्या की पंधरवड्यात सगळ्या सुटतात.

सगळ्यात जास्त गडबड होते ती ही सवय कुणाची यावरून. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ त्यात जात होता, पुरुषांचा 97. अशा घरात 'नवीन सवय' म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम. आणि 'तू सांग, मी करतो' याला वाटणी म्हणत नाहीत, कारण लक्षात ठेवायचं काम तिच्याकडेच राहतं. अख्खं काम द्या-घ्या: ज्याच्याकडे कचरा, त्यानेच बादली धुवायची, कागद घालायचा, वेळेवर दाराबाहेर ठेवायचा आणि लाल खुणेचंही बघायचं. त्याने ते वेगळ्या पद्धतीने केलं तर मागून जाऊन सुधारायचं नाही. हे दुसरं जास्त अवघड जातं.

एक मात्र वेगळं धरा. दोन आठवड्यांहून जास्त मन सतत उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, तर त्याला घर आवरणं हा उपाय नाही. अशा वेळी ओटाही आवरवत नाही, तो आळस नसतो. डॉक्टरांना दाखवा, सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 वर आहे, मराठीतून बोलता येतं.