सावकाराने जमीन लिहून घेतली. जुगाराची गोष्ट लपवू नका

प्रश्न: आम्ही चोपडा तालुक्यातले केळी उत्पादक. पती मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायचे. कांदेबाग केळीचे पैसे त्यात गेले, मग गावातल्या एकाकडून महिना 5 टक्क्यांनी 4 लाख घेतले. त्याने 2 कोरे चेक घेतले आणि 60 आर जमिनीचं खरेदीखतही नोंदवून घेतलं. कब्जा आमचाच आहे. आता तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली आहे. मुलगा-मुलगी लहान आहेत. ‘कर्ज शेतीसाठी घेतलं असं लिही, नाहीतर नवऱ्यावर केस होईल,’ असं भाऊ सांगतो. काय करू?

उत्तर: ताई, आधी नोटिशीची तारीख बघा. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. लेखी हरकत आली की नोंद वादग्रस्त प्रकरणांच्या रजिस्टरला जाते, मग सुनावणी होते. तोंडी सांगून आलात आणि नोंद मंजूर झाली, तर प्रांतांकडे अपिलाला जावं लागेल. फेरफाराने मालकी ठरत नाही, हे खरं. पण सातबाऱ्यावर नाव लागलं की तो माणूस जमीन तिसऱ्याच्या गळ्यात मारायला मोकळा. हरकत पतीच्या सहीने द्या, मुलांच्या वतीने तुमची वेगळी द्या. खत विक्रीचं नसून कर्जाच्या तारणाचं आहे, कब्जा आमचा आहे आणि बाग उभी आहे, एवढं पुरे.

भाऊंचं मात्र ऐकू नका. वडिलोपार्जित जमीन कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, कुटुंबाच्या गरजेसाठी विकू शकतो आणि शेतीचा खर्च ही कायद्याने मान्य गरज आहे. म्हणजे ‘शेतीसाठी’ लिहिलंत की मुलांची बाजू तुम्हीच बुडवलीत. जुगाराचं कर्ज हिंदू कायद्यात अव्यवहारिक ऋण, म्हणजे गैरकामासाठी काढलेलं कर्ज, धरलं जातं. ते फेडायला केलेला व्यवहार मुलांच्या हिश्शावर बंधनकारक नसतो. त्यांच्या वतीने आई म्हणून तुम्ही वाटपाचा आणि मनाई हुकमाचा दावा लावू शकता. मुलीचा हिस्सा मुलाएवढाच. अट एकच, जमीन खरोखर वडिलोपार्जित हवी. सासऱ्यांनी स्वतः विकत घेतलेली असेल तर हा दावा टिकणं कठीण, म्हणून जुने फेरफार आधी काढा.

केसची भीती म्हणाल, तर ऑनलाइन मनी गेमविरुद्धचा 2025 चा केंद्रीय कायदा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड सांगतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पती गावातल्या अड्ड्यावरही बसत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे 1887 चा राज्याचा जुगारबंदी कायदा लागतो. ते कागदावर आणण्याआधी वकिलाला सांगा.

रागाच्या भरात ॲप उडवू नका! खेळाचा आणि पैसे भरल्याचा हिशेब आधी उतरवून घ्या. बँकेचा खातेउतारा काढा. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस कापला गेला असेल, तर आयकराच्या एआयएसमध्ये (वार्षिक माहिती पत्रकात) त्याची नोंद दिसते. घरच्यांना लाज वाटते तोच हा कागद कोर्टात सर्वांत जास्त कामाचा.

दुसरा रस्ता 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याचा. जळगावला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे पतीच्या सहीने अर्ज करा. विनापरवाना सावकारीत जमीन घेतल्याचं चौकशीत ठरलं, तर कलम 18 खाली ते खत अवैध ठरवू शकतात. विनापरवाना धंद्याला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे अर्ज बहुतेक एकाच ठिकाणी आपटतात: समोरचा म्हणतो, ‘मी हातउसने दिले, मी सावकार नाही.’ एका व्यवहाराने धंदा सिद्ध होत नाही. म्हणून दुय्यम निबंधकाकडे त्याच्या नावावरची इतर खरेदीखतं शोधा, सूची क्रमांक 2 च्या (नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याच्या) नकला घ्या, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे जबाब मिळतात का पाहा. दरमहा 20 हजार व्याज फोनवरून पाठवलं असेल तर त्या नोंदी, त्याचे मेसेज, आणि खतातली किंमत व खात्यावर प्रत्यक्ष आलेली रक्कम यांतला फरक, हे सगळं जोडा. व्याज रोखीने दिलं असेल तर साक्षीदार लागतील. पुढचा हप्ता रोखीने देऊ नका.

कर्जाचं कारण सगळीकडे एकच लिहा. उपनिबंधकांकडे एक आणि कोर्टात दुसरं लिहिलंत, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येईल.

चेकचं पेमेंट थांबवलं म्हणून चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम 138 टळत नाही. चेक परत गेल्यावर नोटीस येईल. ती घ्या, नाकारू नका, आणि 15 दिवसांत वकिलामार्फत उत्तर द्या की चेक कोरे, तारणापोटी घेतलेले होते आणि देणारा विनापरवाना सावकार आहे.

उरलेली जमीन आणि तुमचं सोनं पतीने पुन्हा डावावर लावू नये, म्हणून कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 18 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून विक्री-गहाणाला मनाई मागता येते. नवऱ्याला तुरुंगात घालायचा हा अर्ज नव्हे. आदेश मोडला तरच गुन्हा. मला तर तो पतीच्याही भल्याचा वाटतो, दारात कोणी उभा राहिला तर ‘कोर्टाची मनाई आहे’ एवढं तरी सांगता येतं. खेळायची ओढ हा आजार आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर दोघांनी मिळून फोन करा.

वकिलाची फी जमत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. माहितीसाठी 15100. जाताना नोटीस, खरेदीखताची नक्कल आणि सासऱ्यांच्या वेळचे फेरफार सोबत ठेवा.